रजेतली रजा

माझ्या वडिलांना सरकारनं घरी बसवलं, पण ते काही घरी बसले नाहीत. एवढी एकच ओळ लिहिली तरी त्या दिवसांचं सगळं सांगून झालं असं मला वाटतं. पण आता माझा मुलगा आरोग्य खात्यात कंत्राटावर आहे. त्याला मधूनमधून ‘ब्रेक’ देतात, म्हणजे कामावरून काढतात आणि पुन्हा घेतात, आणि त्या मधल्या दिवसांत तो पलंगावर पडून छताकडं बघत राहतो. त्याला तसं पडलेलं बघितलं की मला अण्णा आठवतात आणि राहवत नाही. म्हणून जरा बैजवार लिहिते.

आम्ही दूध डेअरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आष्टीकडून बीडकडं येताना रस्त्याला लागून सरकारचं दूध थंड करायचं केंद्र होतं. गावोगावचं दूध कॅनमध्ये भरून टेम्पोनं यायचं, तपासून, थंड करून पुढं मोठ्या शहराला टँकरनं जायचं. थंड करायच्या मशीनवर अण्णा होते. अंगाला कायम अमोनियाचा वास, तो रविवारी डोक्यावरून आंघोळ केली तरी जायचा नाही. आमच्याकडं दिवस उजाडायचा तो कॅन आदळल्याच्या आवाजानं. टेम्पोतले हमाल कॅन खाली टाकायचे तेव्हा असा दणका व्हायचा की पाव्हणे दचकून उठून बसायचे आणि आम्ही कूस बदलून झोपायचो. त्या आवाजाच्या मागं मशीनची घरघर दिवसरात्र चालू. माय म्हणायची, “ह्या घरात कुणी हळू बोलायला शिकलंच न्हाई.” खरंच आहे. मी आजही ऑफिसात फोनवर बोलले की शेजारच्या टेबलावरचे लोक फायलीतून मान वर काढतात.

अण्णांचा एक शब्द होता, ‘रीतसर’. दूध विकत घ्यायचं तर रीतसर, पोरीला शाळेत घालायचं तर रीतसर, भांडायचं तरी रीतसर. डेअरीत एवढे दुधाचे पाट वाहायचे, पण आमच्या घरात दूध यायचं ते कार्डावर, पैसे भरून, तपासणी खोलीतल्या भीमराव मामांच्या हातनं मापून. बाकीच्यांची पोरं मागच्या दारानं तांब्या भरून न्यायची. माय एकदा म्हणाली, “अवो, साऱ्या दुनियेचं दूध तुमच्या हाताखालून जातंय, अन् माझ्या चहाला रंग येईना.” अण्णा म्हणाले, “रंग येतो तेवढा रीतसर हाय.” त्यावर माय कपाळाला हात लावून भाकरी थापायला बसली. तिच्या हातची ज्वारीची भाकरी, भाजलेल्या डाळ-धान्याच्या येसराची आमटी आणि ठेचलेला कांदा, असं जेवण आमच्याकडं बारमाही. हिवाळ्याच्या तोंडाला डोंगराकडची सीताफळं आली की शेख चाचा पाटीभर घेऊन यायचे. शेख चाचा बॉयलरवर होते, अण्णांचे जिगरी दोस्त.

आणि मग एके दिवशी कॅन आदळले नाहीत. मी शाळेत जायच्या गडबडीत होते, बारावीचं वर्ष, आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. माय दारात येऊन उभी राहिली. “मशीन बंद हाय,” ती म्हणाली, आणि तेव्हा मला कळलं की इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. वरून आदेश आला होता. सरकारच्या तिजोरीत खडखडाट, खर्चात कपात, केंद्र तोट्यात. सगळ्या कर्मचाऱ्यांना पुढचा आदेश येईपर्यंत सक्तीची बिनपगारी रजा. पुढं कुणाला दुसऱ्या खात्यात घेतील, कुणाला घेणारच नाहीत, काही ठरलेलं नव्हतं. केंद्राचे व्यवस्थापक स्वामी साहेब होते, तेसुद्धा त्याच रजेवर. गेटाला कुलूप लागलं आणि शिक्के, रजिस्टर, मस्टर सगळं आत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खाकी घालून, डबा घेऊन निघाले. माय म्हणाली, “आवं, कुठं?” तर म्हणाले, “ड्युटीवर.” गेटासमोर करंजाचं मोठं झाड होतं. तिथं भीमराव मामा आधीच येऊन बसले होते, पाठोपाठ शेख चाचा आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात एकच भीती, आपण हजर नव्हतो असं उद्या कुणी म्हणालं तर सेवेत खंड पडेल, आणि खंड पडला की पेन्शन गेली. शेख चाचा अण्णांना म्हणाले, “गर्जे भाई, सरकारनं गेटाला कुलूप लावलं. आपल्या हजेरीला थोडंच लावलं.” तेव्हापासून ते सगळे रोज पाळीप्रमाणं त्या झाडाखाली बसू लागले. पहिल्या पाळीची माणसं दुसऱ्या पाळीची माणसं आल्याशिवाय उठायची नाहीत. दहाच्या सुमाराला स्वामी साहेब क्वार्टरमधून फेरी मारायला यायचे, तेव्हा सगळे उठून उभे राहायचे, साहेब मान हलवायचे, पुन्हा सगळे खाली बसायचे. येणारे जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून हसायचे. आम्हा पोरांना लाज वाटायची. मी तर शाळेतून येताना ओढणी तोंडावर घेऊन मागच्या वाटेनं यायची.

आता ह्यावरही कडी सांगते. लिंबागणेशला अण्णांच्या साडूच्या मुलीचं लग्न निघालं. जायला तर हवंच. माझ्या वडिलांनी काय करावं? बिनपगारी सक्तीच्या रजेवर असलेल्या ह्या माणसानं दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला आणि करंजाखाली उभं राहून साहेबांच्या हातात दिला. मी तो प्रसंग बघितला नाही, पण शेख चाचांनी घरी येऊन मायला सांगितला, आणि सांगताना त्यांना बसता येईना इतके ते हसत होते. साहेबांनी अर्ज वाचला म्हणे, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, “मंजूर.” माय हसली नाही. ती म्हणाली, “चाचा, माझ्या नशिबाला असला येडा माणूस कावून दिला देवानं?” चाचा म्हणाले, “भाभी, येडे नसतो तर आमी झाडाखाली बसलो असतो का?”

घरात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पहिल्या महिन्यात कळलं नाही, दुसऱ्यात डबे खडखडायला लागले. दुधाचं कार्ड बंद. दूध डेअरीच्या क्वार्टरमध्ये काळा चहा, ह्यापेक्षा मोठी थट्टा कुठली. येसराची आमटी पातळ होत गेली, मग हुलग्याचं पीठ पाण्यात शिजवून केलेलं माडगं सुरू झालं. मायनं एक दिवस डोक्याला फडकं बांधलं, खुरपं घेतलं आणि शेजारच्या शेतात बायांबरोबर रोजानं निघून गेली. सरकारी माणसाची बायको खुरपायला जाते हे अण्णांनी करंजाखालून बघितलं. संध्याकाळी ते तिच्या हातावरचे फोड बघत बसले. मग उठून त्यांनी स्वतः चुलीवर पाणी तापवून तिला दिलं. अण्णांना चूल पेटवता येते हे मला त्या दिवशी कळलं.

रस्त्याच्या पलीकडं बाबूशेठची खासगी डेअरी नवीनच झाली होती. आमचं केंद्र बंद पडल्यावर सगळे टेम्पो तिकडं वळले होते, आणि शेठला थंड करायच्या मशीनवर जाणता माणूस हवा होता. ते स्वतः आमच्या घरी आले, खुर्चीवर बसले, काळा चहा प्याले. सोमवारपासून या म्हणाले, पगार रोख, घरी रोज दूध. फक्त एक अट. आधी सरकारी नोकरीचा राजीनामा द्यायचा. “न्हाईतर काय हुईल गर्जे, उद्या सरकारनं शिट्टी वाजवली की तुमी पळत जाल, अन् माझं मशीन उघड्यावर. तसला कारभार मला नको.” शेठचंही चुकत नव्हतं. पण राजीनामा दिला की झालेली सगळी नोकरी पाण्यात. अण्णांची जवळजवळ वीस वर्षं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, क्वार्टर आठवड्यात खाली करायचं.

त्या रात्रीपासून आमच्या घरात तोच एक विषय. अण्णा म्हणायचे, आदेश येईल. माय म्हणायची, आदेशाची भाकरी करून खायची का? अण्णा म्हणायचे, वीस वर्सं हायत गं. माय म्हणायची, “वीस वर्सं उशाला घेऊन झोपा. पोरगी बारावीला हाय, तिच्या पुढच्या शिक्षणाचं काय?” माझं नाव मध्ये आलं की मी पुस्तकात मान घालायची. मला खरं तर शेठकडची नोकरी हवी होती. ओढणी तोंडावरून काढून पुढच्या रस्त्यानं यायचं होतं मला. शनिवारी माय म्हणाली, “द्या तो राजीनामा, अन् संपवा.” तिचा आवाज चढला नव्हता. अण्णांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “सुमे, तुझं अक्षर चांगलं हाय. लिही.” मी लिहिलं. अण्णांनी मजकूर सांगितला, अगदी रीतसर, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत. खाली त्यांनी सही केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी मायनं मला त्यांच्याबरोबर धाडलं. कानात म्हणाली, “बरोबर जा, न्हाईतर अर्ध्यातनंच माघारी फिरतील.” स्वामी साहेबांचं क्वार्टर आमच्यापासून चार ढांगांवर, पण अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले होते. साहेब लुंगी-बनियनवर अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. कपाळाला भस्माचे पट्टे, नुकतेच कपिलधारला दर्शन घेऊन आलेले. साहेब शांत माणूस, मोठ्यानं बोलल्याचं कधी कुणी ऐकलं नाही. अण्णांनी नमस्कार केला आणि कागद पुढं केला. साहेबांनी हात पुसून तो घेतला, वाचला. माझ्याकडं बघितलं. पुन्हा वाचला.

“हे मला कशाला देता, गर्जे?”

“तुमी साहेब हाय म्हून.”

“मी कुठला साहेब. मी बिनपगारी रजेवर आहे. रजेवरच्या माणसाला राजीनामा घ्यायचा अधिकार नसतो.”

अण्णा म्हणाले, “नुस्ती पोच द्या साहेब. सही करून तारीख टाका, बाकी मागनं बघू.”

“पोच द्यायला शिक्का लागतो. शिक्का आत आहे, कुलपात. आणि तारीख टाकली तर त्या तारखेला मी कामावर होतो असं होईल. रजेवर असताना काम केलं म्हणून चौकशी माझी लागेल. माझ्यावर चौकशी लावता का?”

“न्हाई न्हाई, साहेब.”

“मग?”

“मग वर आफिसला पोस्टानं धाडू का?”

साहेबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “थ्रू प्रॉपर चॅनल यावं लागतं, गर्जे. तुम्हाला मी सांगायला हवं का? तुमच्यासाठी प्रॉपर चॅनल म्हणजे मी. आणि चॅनल रजेवर आहे.” कागद घडी करून त्यांनी अण्णांच्या खिशात परत घातला, अगदी हळू, आणि खिशावर हात ठेवला. “रुजू झालो की या. पहिल्या दिवशी घेतो. रीतसर.”

“बरं साहेब,” अण्णा म्हणाले.

एवढंच. मला वाटलं होतं अण्णा वाद घालतील. दूध मापताना थेंबासाठी वाद घालणारा माणूस. ते नुसतं ‘बरं साहेब’ म्हणाले आणि फिरले. वाटेत हापसा होता, तिथं थांबून त्यांनी मला हापसायला लावलं, तोंड धुतलं, मान धुतली, ओंजळीनं पोटभर पाणी प्याले. किती तरी दिवसांनी मी त्यांना घटाघटा पाणी पिताना बघत होते. मग ते भरभर चालायला लागले, मला पळावं लागलं. मला मात्र राग आला होता. झालं, म्हटलं, आता पुन्हा करंज, पुन्हा ओढणी, पुन्हा काळा चहा. मायला काय सांगणार?

माय चुलीपुढं होती. अण्णांना बघून तिनं हातातली भाकरी तशीच परातीत ठेवली. “घेतला का?”

“न्हाई घेतला.”

“कावून?”

“साहेब रजेवर हाय. रजेवरच्या माणसाला अधिकार नसतो म्हणला.”

माय त्यांच्याकडं बघत राहिली. “अन् लग्नाची रजा कशी मंजूर केली मग त्यानं?”

अण्णांनी खुंटीला शर्ट अडकवला. “तवा ध्यानात नसंल त्याच्या, आपुन रजेवर हाय म्हून.”

आणि माय हसायला लागली. पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पिठाच्या हातानंच तिनं ते पुसलं आणि सगळं तोंड पांढरं झालं. अण्णाही हसले. मी दोघांच्या मध्ये उभी, मला काहीच कळेना. मग माय म्हणाली, “बरं झालं बया. सकाळपास्नं एक भाकर फुगंना माझी. जीव थाऱ्यावर न्हवता. देवा, त्येनं घेऊ नये, त्येनं घेऊ नये, एवढंच म्हणतेय मी तवापास्नं.”

“मग द्या कावून म्हणलीस?” अण्णांनी विचारलं.

“मी म्हणले म्हून तुमी देणार व्हय? वीस वर्सांत माझं कधी ऐकलं तुमी?”

तिनं परातीतली भाकरी उचलून तव्यावर टाकली. त्या दिवशी आम्ही तिघं चुलीपाशीच जेवलो. नुसती चटणी-भाकरी होती, पण माझा रागही कुठं गेला कळलं नाही. सोमवारी शेठचा माणूस बोलवायला आला तर अण्णा खाकी घालून, डबा घेऊन दारातच होते. त्याला म्हणाले, “शेठला सांगा, माझा राजीनामा मंजूर झाला न्हाई. मी रजेवरच हाय.” आणि करंजाखाली जाऊन बसले. तिथं सगळ्यांना बातमी आधीच लागली होती. शेख चाचांनी उठून त्यांना सलाम ठोकला म्हणे.

त्यानंतरही पावसाळा अर्धा संपेपर्यंत आम्ही माडग्यावर दिवस काढले. माय खुरपायला जात राहिली, मी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाऊ लागले, तोंड न झाकता. मग एका दुपारी साहेब स्वतः करंजाखाली आले आणि वरून आलेला आदेश उभ्या उभ्या वाचून दाखवला. भीमराव मामा शेती खात्यात, शेख चाचा सरकारी छापखान्यात, आणि अण्णा बीडला, लसी थंड ठेवायच्या खोलीत मशीनवर. दुधाऐवजी लसी, काम तेच. सेवा अखंड धरली होती. कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. अण्णा करंजाच्या बुंध्याला टेकले आणि तिथंच झोपले. भरदिवसा, खाकीत, तोंड उघडं टाकून. माय बोलवायला गेली, आणि उठवायच्या ऐवजी माशा हाकत शेजारी बसून राहिली. साहेबांची बदली पुढं लांब विदर्भात झाली. दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, दोन ओळींचं.

पुढं मी पण सरकारी नोकरीत लागले, आस्थापना विभागात, म्हणजे लोकांच्या रजा, बदल्या आणि राजीनामे हेच माझं काम. तिथं बसल्यावर मला कळलं की असा कुठलाही नियम नाही. राजीनामा कुणीही कधीही देऊ शकतो, रजेवरून देऊ शकतो, पोस्टानं देऊ शकतो. मी गावी गेले तेव्हा अण्णा निवृत्त होऊन घरी होते, अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, अण्णा, साहेबांनी तुम्हाला चक्क फसवलं होतं.

अण्णांनी शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. “म्हाईत हाय की.”

“कधी कळलं?”

“तवाच. अगं, माझ्यासमोर एक जण रजेवरून राजीनामा देऊन गेलता. साहेबानंच घेतलता.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर त्यानला घ्यावा लागला असता.”

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागं मायला अर्धी पेन्शन मिळते, त्यावर ती कुणाच्या तोंडाकडं न बघता जगते. माझ्याकडं राहते, पण स्वतःच्या चहाचं दूध स्वतःच्या पैशानं घेते, आणि माझा मुलगा ‘ब्रेक’वर असला की त्याच्या खिशात हळूच नोट कोंबते. हयात असल्याचा दाखला द्यायला वर्षातून एकदा मी तिला बँकेत नेते. मागच्या खेपेला काउंटरवर नवीन पोरगा होता. त्यानं नम्रपणे विचारलं, “आजी, पेन्शन कुणाच्या मागं मिळती तुमाला? मालकाच्या?”

माय म्हणाली, “मालक तर द्यायलाच निघालते रे बाबा सोडून. साहेब रजेवर होता, म्हून मिळती.”

पोरगा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला अण्णांचं नाव सांगितलं, आणि मायनं पुढं होऊन अंगठा मशीनवर टेकवला.